पितळेत कोरलेली बायको

लंडन, सेंट बार्नबसचा दिवस, जून १४४८

येशू प्रसन्न

चि. सौ. एव्हिस हिस हॅमंड सटर्बीचे अनेक आशीर्वाद, वि. वि. मी इथे खुशाल आहे. तू काळजी करत बसली असशील तर ती आधी सोड. खोकला आहे, पण लंडनात खोकत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे, इथली हवाच धुराची. लोकर सगळी गेली. गाठोडी नीट बांधली होतीस, सगळ्यांनी वाखाणली.

मुख्य बातमी अशी, की आपल्या थडग्यावरचा पितळी पत्रा तयार झाला. काल कारखान्यात जाऊन डोळ्यांनी पाहून आलो. मधोमध मी, पायाखाली लोकरीचं पोतं. उजवीकडे माझी थोरली बायको, डावीकडे तू. थोरलीला कारागिरानं कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यानं चेहरा अंदाजानं काढला आणि ती तुझ्याहून तरुण दिसते. यावर रुसू नकोस, तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली, बिचारीला तेवढा तरी फायदा होऊ दे. तुला विधवेच्या व्रताच्या झग्यात काढायला सांगितलं, बोटात व्रताची अंगठी. फार शोभतेस. आपल्या दोघांच्या मृत्यूच्या तारखा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या आहेत, त्या मागाहून भरतील. सप्टेंबरात पत्रा होडीनं हॅलफर्डला पोचेल आणि आपल्या चर्चमध्ये बसवला जाईल.

धर्मशाळेतल्या म्हाताऱ्यांचे तपकिरी झगे शिवून झाले का ते कळव. जॅन्किन अजून घालत नसेल तर त्याला म्हणावं, छातीवर माझं चिन्ह आहे म्हणून काही अंग खाजत नाही. आणि मी बाजारात एवढा नळ आणून दिला तरी बायका धुणी घेऊन नदीवरच जातात असं ऐकतो. त्यांना समजावून सांग. नाताळाच्या आधी बिशप येऊन धर्मशाळेच्या देवघराला आशीर्वाद देणार, ते पक्कं झालं. तुझ्यासाठी आल्याच्या साखरवड्या घेतल्या आहेत.

तुझ्यावरची माया जशी होती तशी आहे, हे तू जाणतेसच.

हॅमंड

---

हॅलफर्ड, जूनअखेर

येशू प्रसन्न

ती. इडोनीअक्कास एव्हिसचा सा. न. वि. वि. तुझी मिठातली हेरिंगं पोचली. निम्मी धर्मशाळेत दिली. भावोजींच्या गुडघ्यांना आता उतार असेल अशी आशा करते. दोरखंड वळणाऱ्यानं थंडीत ओल्या जमिनीवर बसू नये, हे त्यांना मी सांगितलेलं चालेल का?

अक्का, मी विधवा झाले. घाबरू नकोस, नवरा धडधाकट आहे आणि लंडनात खरेदी करतो आहे. पण मी विधवा झाले, बिशपपुढे गुडघे टेकले, पुन्हा लग्न करणार नाही अशी जन्माची शपथ घेतली, काळा झगा आणि अंगठी घातली, आणि हे सगळं मला ह्यांच्या पत्रातून कळलं. थडग्यासाठी पितळी पत्रा केला आहे त्यावर मला तशी कोरून ठेवली आहे. साखरवड्यांच्या बातमीच्या दोन ओळी वर.

तू म्हणशील, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे. मीही दोन दिवस स्वतःला तेच सांगितलं. हे वाईट नाहीत. साथीत आमची दोन्ही लेकरं एकाच आठवड्यात गेली तेव्हा यांनी मला एकटं सोडलं नाही, व्यापार तसाच टाकून घरी बसले. गावाला यांनी पूल दिला, नळ दिला, आता म्हाताऱ्यांना छप्पर दिलं. पण पूल कुठे हवा हे होडीवाल्यांना विचारलं नाही, नळ कुठे हवा हे बायकांना विचारलं नाही. नदीवर आम्ही धुण्यासाठी थोड्याच जातो, बोलायला जातो. आणि जॅन्किन जन्मभर जहाजावर होता, त्याला कोणाचं चिन्ह छातीवर लावून घ्यायचं नाही. यांना हे कळतच नाही. चांगली वस्तू आहे, मग नको कशी म्हणतील, एवढंच यांच्या डोक्यात.

मलाही तशीच एक चांगली वस्तू दिली आहे. मला एकोणचाळिसावं लागलं. हे सत्तरीला टेकले. माझं पुढचं आयुष्य मी कसं काढीन हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं एवढंच माझं स्वतःचं होतं.

विचारण्याआधीच सांगते, दुसरं कोणी नाही.

तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नकोस.

एव्हिस

---

लिन, जुलै

येशू प्रसन्न

चि. सौ. एव्हिस हिस इडोनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि. कोण आहे तो? तो फ्लँडर्सचा, ज्याच्या टोपीला पीस असतं, तो तर नव्हे? कोणी नाही असं तू न विचारता लिहिलंस म्हणून म्हणते. बरं, नसेल. तुझ्या जन्मापासून तुला ओळखते, तुला खोटं बोलता येत नाही आणि आलंच तर कान लाल होतात, आणि कान पत्रातून दिसत नाहीत, हीच पंचाईत.

आता मोठ्या बहिणीचं ऐक. अगं वेडे, व्रत म्हणजे काय मठात कोंडून घेणं आहे? आपल्या घरात राहायचं, आपली वखार आपण चालवायची, आपल्या हातानं दस्तावर शिक्का मारायचा, आणि कोणी पुरुष मागे लागला की बोटातली अंगठी दाखवायची. माझ्या नणंदेनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, तर नवऱ्यानं तिची जहाजं, तिचं घर, तिच्या आईची चांदीची वाटीसुद्धा आपली म्हणून घेतली, आणि न्यायाधीश म्हणाले बरोबर आहे. मला तर कोणी उद्या झगा दिला तर मी उद्या घालीन, फक्त रेनोल्ड आधी मरायला तयार हवा. त्याला हे वाचून दाखवलं. हसला, पण जेवला कमी.

पितळेत कोरलं म्हणून तू खरीच तशी झालीस असं थोडंच आहे? गप्प राहा. पुरुषांना आपल्या थडग्याचं फार कौतुक असतं, करू दे.

गुडघे तसेच आहेत. ओल्या जमिनीबद्दल तूच सांग, माझं तो ऐकत नाही.

आमची आठवण ठेव, आणि शहाणपण ठेव.

इडोनी

---

हॅलफर्ड, सप्टेंबर, सेंट मायकेलच्या आदल्या आठवड्यात

येशू प्रसन्न

ती. इडोनीअक्कास एव्हिसचा सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, माफ कर. हे अंथरुणाला खिळले आहेत. लंडनचा खोकला छातीत उतरला. वैद्यानं रक्त काढलं, आता उठून बसायचंही त्राण नाही.

तू म्हणालीस गप्प राहा, तशी राहिले होते. मग पत्रा आला. चर्चमध्ये फरशीत बसवला आणि रविवारी फादर कथबर्ट वेदीवरून म्हणाले की, या गावाच्या भाग्यानं दात्याला पत्नीही तशीच मिळाली, तिनं नवरा जिवंत असतानाच व्रताचा शब्द दिला आहे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाहेर पडताना धर्मशाळेतली म्हातारी सिबिल वाटेत गुडघ्यावर बसली आणि तिनं माझं बोट, जिथे अंगठी नाही ते बोट, ओठांना लावलं. मी तिला हात धरून उठवलं. आता लोणी विकत घ्यायला गेले तरी बायका बाजूला सरून वाट देतात. नदीवर गेले तर गप्पा थांबतात. एखाद्या संताची हाडं पालखीतून नेतात ना, तशी मी बाजारातून जाते.

मग दस्ताचं कळलं. यांनी धर्मशाळेच्या कागदात लिहून ठेवलंय की यांच्यामागे पत्नीनं व्रत घेतलं तर सगळा कारभार तिच्या हाती, आणि नाही घेतलं तर नगरसभेच्या लँबर्ट क्रोककडे. तुझ्या नणंदेची गत यांनाही माहीत आहे. उद्या मी लग्न केलं तर नवा नवरा धर्मशाळेच्या शेतांचं उत्पन्न खाईल, ही यांची धास्ती. आणि क्रोकच का, तर गावात दुसरा वजनदार माणूस नाही. क्रोकला त्या इमारतीत लोकर भरायची आहे हे आख्ख्या हॅलफर्डला माहीत आहे, यांना सोडून.

परवा मला राहवलं नाही. कढण भरवता भरवता मी म्हटलं, अहो, मी कुणालाही शब्द दिलेला नाही. तुम्ही मला विचारलंच नाहीत. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अगं, तुला नको असेल हे माझ्या मनातच आलं नाही. आणि अक्का, ते खरं होतं. तोंड असं झालं होतं, जसं भर बाजारात कुणी यांचा तराजू खोटा निघाला म्हणून सांगितल्यावर व्हावं.

कढणाची वाटी हातानं बाजूला सारली. मग म्हणाले, बरं, आता विचारतो. घेशील का? मी म्हटलं, विचार करून सांगते. म्हणाले, कर, पण माझ्याकडे फार दिवस नाहीत एवढं ध्यानात ठेव. आणि हसायला गेले तर खोकला आला.

तेव्हापासून रोज सकाळी मी पडदा सारला की माझ्याकडे बघतात आणि काही विचारत नाहीत. या माणसानं जन्मात कुणाची वाट पाहिली नाही, भरतीची नाही, बिशपची नाही. आता पडून माझी पाहतात. मला ते सहन होत नाही आणि खोटंही बोलवत नाही.

मी काय करू ते लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

एव्हिस

---

लिन, ऑक्टोबर

येशू प्रसन्न

चि. सौ. एव्हिस हिस इडोनीचे आशीर्वाद, वि. वि. रागावूनच लिहिते. मरणाऱ्या माणसाला एक हो म्हणायला तुझी जीभ झिजते का? एकोणीस वर्षं त्याच्या घरात जेवलीस, त्याच्या चुलीजवळ शेकलीस. दोन अक्षरं बोल आणि त्याला सुखानं जाऊ दे. मागाहून तुला नाही जमलं तर बिशप काही तुझ्या मानेवर बसत नाही, पैसे घेऊन सोडवणारे पुष्कळ असतात.

माझं मत तर हेच. विचारलं नाही, विचारलं नाही म्हणून कुरकुरत होतीस. आता विचारलं ना? आईबापांनी मला रेनोल्डबद्दल विचारलं होतं असं तुला वाटतं की काय?

त्याच्यासाठी इथे मेणबत्ती लावली आहे. चांगल्या मेणाची, चरबीची नाही.

रागावले तरी बहीण आहे, हे विसरू नकोस.

इडोनी

---

हॅलफर्ड, नोव्हेंबर, सेंट मार्टिनच्या सणानंतर

येशू प्रसन्न

ती. इडोनीअक्कास एव्हिसचा सा. न. वि. वि. तुला निरोप पोचलाच असेल. हे गेले. दफन मोठं झालं, पूल ओलांडून खेड्यापाड्यांतून लोक आले. जॅन्किननं त्या दिवशी झगा घातला. मला तेव्हाच रडू फुटलं, तोवर डोळे कोरडे होते.

तुझं पत्र उशीखाली ठेवून मी हो म्हणायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगते. गुरुवारी सकाळी पडदा सारला, यांनी पाहिलं, मी पलंगावर बसले, आणि तोंडातून आलं, नाही. मला व्रत घ्यायचं नाही. धर्मशाळा मी सांभाळीन, क्रोकला पाय ठेवू देणार नाही, तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही, पण शपथ नाही.

मला वाटलं आता छाती फुटेल यांची. हे म्हणाले, बरं.

एवढंच. मग डोळे मिटून पडले, पण हात माझ्या हातात होता तो काढला नाही. शुक्रवारी जरा हुशारी वाटली तेव्हा आपणहून बोलले. म्हणाले, क्रोकचं तू सांगतेस ते खरं का? मी त्याच्या लोकर भरण्याच्या बेताचं सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, मग दस्त चुकला, बदलायला हवा, कारकुनाला बोलाव, कारभार बिनशर्त तुझ्या नावे करतो. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, आणि हे बघ, मी गेल्यावर कथबर्ट येईल, बिशप येईल, बायका येतील, सगळे तुला भरीला घालतील. माझ्या नावानं सांगतील. ऐकू नकोस. व्रत घेऊ नकोस. हे मी सांगतोय.

अक्का, त्या दोन दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं एकोणीस वर्षांत बोललो नव्हतो. लेकरांचं बोललो. थोरलीचं बोलले, ती गाणं छान म्हणायची म्हणे. मला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, का नाही सांगितलं? तर म्हणाले, तू कुठे विचारलंस?

कारकून स्टुअरब्रिजकडे कोणाच्या तरी कामाला गेला होता, सोमवारी येणार होता. हे रविवारी गेले, चर्चची घंटा चालू असताना.

खोलीत आम्ही दोघंच होतो. साक्षीला कोणी नाही. दस्त जुनाच आहे. मी फादर कथबर्टना सगळं सांगितलं, तर ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, दुःखात माणसाला पुष्कळ काही ऐकू येतं. क्रोक भेटायला आला. म्हणाला, व्रत घ्यायचं नसेल तर त्याला काही हरकत नाही, उलट तोही एकटाच आहे, आणि दोघांनी मिळून कारभार पाहिला तर गाव धन्य होईल. ह्यांना जाऊन महिना झाला नव्हता. मी त्याला दार दाखवलं.

बिशप नाताळाआधी ॲडव्हेंटात येतो आहे.

इथे कुणाशी बोलता येत नाही. तुझ्याशी बोलते म्हणून जीव टिकून आहे.

एव्हिस

---

लिन, नोव्हेंबरअखेर

येशू प्रसन्न

चि. एव्हिस हिस इडोनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझं पत्र रेनोल्डनं मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबला, मग मला स्वतः वाचावं लागलं. मी तुला जे लिहिलं होतं ते चुलीत टाक. दोन अक्षरं खोटी बोलली असतीस तर ते दोन दिवस तुला मिळाले नसते.

आता माझं उलटं ऐक. तो माणूस तुला मोकळी करून गेला. मग मोकळी हो. विधवेचा तिसरा हिस्सा तुला कायद्यानं मिळतो, त्यात तुझं आरामात भागेल. इथे ये. वरची खोली रिकामी आहे, फक्त डांबराचा वास येतो, त्याची सवय होते. धर्मशाळेचं देवाला ठाऊक आणि क्रोकला ठाऊक. तू एकटीनं गावभरच्या म्हाताऱ्यांचं ओझं उचलायला ती काही तुझी लेकरं नाहीत. आणि नवऱ्यानं स्वतः तोंडानं सांगितलंय, घेऊ नकोस म्हणून. यापरतं तुला आणखी काय हवं?

तुझी वाट पाहणारी,

इडोनी

---

हॅलफर्ड, डिसेंबर, नाताळाच्या आधी

येशू प्रसन्न

ती. इडोनीअक्कास एव्हिसचा सा. न. वि. वि. मी लिनला येत नाही. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खरंच पेटी भरायला काढली होती. बिशप यायच्या दोन दिवस आधी धर्मशाळेत निरोप घ्यायला गेले. सगळे जेवत होते. क्रोक आत होता, त्याच्या हातात मापाची काठी. भिंतीपासून भिंतीपर्यंत जमीन मोजत होता, किती पोती मावतील ते. मग तो बाकाशी आला. जॅन्किननं आपली वाटी उचलून मांडीवर घेतली. सिबिलनं त्याची काठी जावी म्हणून पाय वर केले, आणि काठी जाईपर्यंत एका हातानं तसेच धरून ठेवले, आणि दुसऱ्या हातानं खात राहिली. या वयात पाय वर धरवत नाहीत गं. थरथरत होते. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही काही म्हटलं नाही. जिला जन्मभर कोणी काही विचारलेलंच नाही तिला नाही म्हणायचं सुचतही नाही.

मी घरी आले आणि पेटी रिकामी केली.

बिशपला सर्दी झाली होती, भराभर उरकायचं होतं. पण तो भाग त्यांना विचारावाच लागतो. म्हणाले, बाई, हे तू आपल्या मनानं करतेस का, की कोणी तुला भाग पाडलं? मी म्हटलं, आपल्या मनानं. कान लाल झाले असतील म्हणून तू हसशील, पण झाले नाहीत. ज्या एकाला हे हवं होतं त्यानं ते मागे घेतलं होतं, त्यामुळे मला भाग पाडणारं कोणी उरलंच नव्हतं. मी शपथ वाचली, रीतीप्रमाणे खाली फुली काढली, झगा घातला, अंगठी घातली. झगा जड आहे. थंडीत बरा पडेल.

दस्ताप्रमाणे कारभार माझ्याकडे आला. क्रोकनं दाराशी वाकून नमस्कार केला. पहिली गोष्ट मी केली ती ही, की त्या झग्यांवरची चिन्हं ज्याला नको त्यानं उसवावीत असं सांगितलं. जॅन्किननं उसवलं नाही. का ते मी विचारलं, तर म्हणाला, आता राहू दे.

फादर कथबर्टनी मोठं प्रवचन दिलं. आज्ञाधारक पत्नी कशी असावी ते सगळ्यांनी एव्हिस सटर्बीकडून शिकावं, नवऱ्यानं पितळेत कोरलेली इच्छा तिनं देहावर धारण केली, वगैरे. बायका रडल्या. मी मान खाली घालून उभी होते, त्यांना ती नम्रता वाटली.

अक्का, तुझ्याशिवाय हे कुणाला सांगता येणार नाही. जन्मभर ह्यांनी सांगितलं ते मी ऐकलं. भाजी कोणती, झगे कोणत्या रंगाचे, लेकरांना कुठे पुरायचं, सगळं. शेवटी एकच गोष्ट ह्यांनी माझ्यासाठी म्हणून सांगितली, माझा हात धरून सांगितली, आणि तेवढी एक मी मोडली. सगळा गाव मला त्याबद्दल शाबासकी देतो आहे.

वरची खोली दुसऱ्या कोणाला दे. भावोजींच्या गुडघ्यांसाठी लोकरीच्या पट्ट्या पाठवते आहे.

आहे तशी, तुझीच धाकटी,

एव्हिस